डबीवाली आणि ताटाला लागलेली नाव

तिला नावानं हाक मारणारी माणसं शहरात फार तर दहा-बारा असतील. बाकी सगळ्यांसाठी ती डबीवाली. क्षयाच्या सरकारी दवाखान्यात तिचं काम घरभेटीचं. पिशवीत निळ्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्या घ्यायच्या, खोकणाऱ्या माणसाला गच्चीवर किंवा अंगणात उभं करायचं आणि सांगायचं, "थुंकी नको हं, बेडका हवा. पार तळातून. लाजायचं नाही, मी मागं वळून उभी राहते." तरीही कुणाला जमलं नाही तर ती स्वतः असं काही खाकरून दाखवायची, की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडायची.

कुणाच्या तरी रजेच्या जागी सहा महिन्यांसाठी म्हणून ती लागली होती. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. सासू पाहुण्यांना सांगायची, "सूनबाई औषधाच्या खात्यात आहे," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहाला उठायची. नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर काट्यांत गुंतलेला आणि बोलणं जेवढ्यास तेवढं. त्यामुळे बोलायचं सगळं काम डबीवालीनं आपल्याकडे घेतलं होतं. कुठल्याही घरी पाच मिनिटं बसली, की त्या घरातल्या माणसाची मावसबहीण कुठे दिली आहे हे तिला ठाऊक झालेलं असायचं.

एक दिवस लॅबमधल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. डॉक्टरीण म्हणजे तिच्या लेकीच्या वयाची मुलगी. चष्मा कायम डोक्यावर चढवलेला आणि स्वतः तोच शोधत फिरणारी.

"मावशी, तुमच्या तीन डब्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी निघाल्या."

"एकाच कारखान्यातून येतात, त्यात काय नवल?"

"डब्या नाही हो, डब्यांतले जंतू!" डॉक्टरीणबाईंनी कागद पसरला. "हे बघा. जंतू वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल काढतो. त्याच्या जनुकांत चव्वेचाळीस लाख अक्षरं. एवढं उतरवून काढताना एखादं अक्षर कधीतरी चुकणारच. ती चूक मग त्याच्या लेकराबाळांत, नातवंडांत उतरते. या तिघांच्या जंतूंत त्याच चुका आहेत, आणि त्याच जागी."

"म्हणजे परीक्षेत कॉपी करणारी पोरं! तिघांचंही सातवं गणित सारखंच चुकलंय."

"अगदी तसंच. आणि त्यातल्या दोन चुका अशा आहेत, की आपल्या दोन मुख्य गोळ्या या जंतूंचं काही वाकडं करू शकत नाहीत."

डबीवालीचं हसू जागच्या जागी थांबलं. कारण ते तिघं तिला चांगले माहीत होते. एक बाजारातला किल्लीवाला. दुसऱ्या, नदीपलीकडे राहणाऱ्या, निवृत्त हेडबाई. तिसरा विजेचे मीटर वाचत फिरणारा माणूस, शहराच्या पार उत्तरेला. एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जायला दोन बस बदलाव्या लागत. तिघांची तोंडओळखही नव्हती, निदान डबीवालीला तसंच वाटत होतं.

"मीटरवाला!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो घरोघर जातो."

डबीवालीनं दोन दिवस त्याच्या फेऱ्या तपासल्या. तो त्याच्या चार गल्ल्या सोडून कुठे गेलाच नव्हता. शिवाय कुणाच्या जिन्याखाली दोन मिनिटं वाकून आकडे टिपण्यानं एवढं होत नाही. जंतू हवेतून जातो, पण त्याला बंद खोली आणि सवड लागते.

ती पुन्हा तिघांकडे गेली. एकाचं नाव दुसऱ्याला सांगायची सोय नव्हती, कारण रुग्णाची गोष्ट रुग्णापाशीच ठेवायची हा तिचा नेम. म्हणून तिनं आडूनआडून विचारलं, संध्याकाळी काय करता?

"दुकान बंद केलं की सरळ घर," किल्लीवाला म्हणाला.

"सरळ?" त्याच्या बायकोनं आतून विचारलं. "मंगळवारी आणि शुक्रवारी रस्ता बराच वाकडा होतो वाटतं."

मीटरवाला म्हणाला, जादा काम असतं. हेडबाई म्हणाल्या, वाचनालयात जाते. त्यांची सून डबीवालीला सोडायला जिन्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "वाचनालय वर्षभर दुरुस्तीला बंद आहे हो. मी विचारत नाही. विचारलं तर व्याकरण काढतात."

आता तिघंही थापा मारतात म्हटल्यावर डबीवालीला हुरूप आला. खोटं बोलणारा माणूस निदान काहीतरी करत असतो.

पुढच्या आठवड्यात ती गोळ्या घेऊन किल्लीवाल्याकडे गेली. तो दुकानाबाहेर मास्क लावून किल्ली घासत बसला होता आणि त्या लयीत गुणगुणत होता. होड्यांवरचं कुठलंसं जुनं गाणं होतं. "सांज उतरली पाण्यावरती, नाव लागली ताटाला..."

"काठाला असेल हो," डबीवाली हसली. "नाव ताटाला लागून काय जेवणार आहे?"

"नाही, ताटालाच. मी स्वतः वाचलंय."

"गाणं कुठे वाचलंत?"

त्याची कानस थांबली. मग एकदम जोरात सुरू झाली. डबीवालीनं विषय सोडून दिला.

तीन दिवसांनी ती हेडबाईंच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीआड उभी होती. टाकीपलीकडे हेडबाई डबी घेऊन दम भरत होत्या. मध्येच खोकला थांबला आणि त्या हलक्या आवाजात गाऊ लागल्या. गाणं होड्यांचंच. आणि नाव लागली ती ताटाला.

डबीवालीनं कान टवकारले. वेलांटी चुकली म्हणून जिनं तीस वर्षं पोरांचे मार्क कापले, तिच्या तोंडी हे!

"बाई," ती टाकीआडूनच म्हणाली, "नाव ताटाला कशी लागेल?"

"मलाही पटत नाही!" हेडबाई तडकून म्हणाल्या. "तीन वेळा सांगितलं त्या माणसाला. पण पडद्यावर तसंच येतं, आणि सगळे तसंच गातात."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "सुनेला सांगू नका. हसेल."

पत्ता मिळाला. भाड्यानं स्पीकर देणाऱ्या एका माणसाचं दुकान, आणि दुकानाखाली तळघर. तिथे त्यानं पडदा लावला होता. वाद्यांची धून वाजायची, पडद्यावर शब्द उमटायचे आणि बावीस माणसं आळीपाळीनं, कधी सगळी मिळून, गळा मोकळा करायची. शब्द त्यानं स्वतः दोन बोटांनी टाइप केलेले. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, म्हणून एकुलत्या एका खिडकीवर गादी ठोकून टाकलेली. डबीवाली पायरीवरच थांबली. आतली हवा कालची होती, नव्हे परवाची.

स्पीकरवाला साठीचा, काठीसारखा वाळलेला. दोन वाक्यांमागे एकदा खोकायचा.

"घसा बसलाय," तो म्हणाला. "खर्जाचा रियाज."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

"कसला एवढा खर्ज! गोळ्या कधी घेतल्या होत्या?"

घेतल्या होत्या, दोनदा. दोन्ही वेळा महिना-दोन महिन्यांत बरं वाटलं आणि सोडल्या. मग मात्र डबीवालीच्या तोंडाचा पट्टा सुटला. अर्धवट औषध घेतलं की लेचेपेचे जंतू मरतात आणि निगरगट्ट तेवढे मागं उरतात, मग त्यांचंच राज्य, हे तिनं एरवी शेकडो वेळा गोड आवाजात सांगितलं होतं. आज आवाज गोड नव्हता. वरच्या दुकानातली गिऱ्हाइकं डोकावून गेली.

तिचा श्वास संपला तेव्हा तो म्हणाला, "ताई, गोळ्यांनी पोटात कालवायचं. आणि लोकांना कळलं असतं तर इथं कोण आलं असतं? बायको गेल्यापासून या दोन संध्याकाळीच काय ते घरात माणसांचा आवाज असतो."

डबीवालीनं पिशवीतून एक डबी काढली. "चला वर. उघड्यावर. आणि आधी ती गादी काढा."

बावीसही जणांची तपासणी झाली. आणखी दोघं सापडले. त्यातल्या एकाला तर अजून साधी ढासही लागलेली नव्हती. काही आठवड्यांनी स्पीकरवाल्याचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाई चष्म्याशिवायच धावत आल्या.

"मावशी, आई सापडली! याच्यात सगळ्या जुन्या चुका आहेत. किल्लीवाल्याच्यात एक अक्षर नवीन चुकलंय, हेडबाईंच्यात वेगळंच एक. सगळं घराणं इथूनच सुरू झालंय."

कुणामुळे कुणाला झालं, हे डबीवालीनं कुणापुढे काढलं नाही. पण हेडबाईंना हिशेब सांगावा लागत नसे. दवाखान्याच्या अंगणात स्पीकरवाला समोर आला, मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आजाराचं मी बघून घेईन. पण 'ताटाला' मी माफ करणार नाही."

नव्या गोळ्या सहा महिन्यांच्या होत्या. हेडबाईंनी घड्याळ लावून घेतल्या. मीटरवाल्यानं बायकोला जादा कामाची खरी गोष्ट सांगितली आणि आठवडाभर घरी खालमानेनं वावरला. स्पीकरवाला मात्र अवघड गिऱ्हाईक. चाळिसाव्या दिवशी गोळ्यांनी त्याचे तळपाय बधिर झाले आणि त्यानं आतून कडी लावून घेतली. डबीवाली बाहेरच्या स्टुलावर बसली. तिनं दाराशी बोलायला सुरुवात केली. आपली सासू, नवऱ्याची घड्याळं, मावसजावेच्या दिराचं मोडलेलं लग्न, सगळं यथासांग. अडीच तासांनी कडी निघाली.

"गोळी द्या," तो म्हणाला. "पण पुढं त्या लग्नाचं काय झालं?"

ते तिनं त्याला सांगितलं नाही. उद्या सांगते म्हणाली, आणि असे उद्या तिनं बरेच काढले. डॉक्टरांनी त्याच्या गोळीचं प्रमाण कमी केलं, पायांना थोडी जाग आली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं औषध शेवटपर्यंत घेतलं.

सगळ्यांच्या तपासण्या स्वच्छ आल्यावर गाण्याची मंडळी लाकडाच्या वखारीत जमू लागली. वर पत्रा, चारी बाजू उघड्या, वारा इतका की पडदा दोन्हीकडून धरून ठेवावा लागे. पहिल्याच मंगळवारी हेडबाईंबरोबर त्यांची सूनही आली. ती हसली नाही. मागच्या ओंडक्यावर गुपचूप बसली, आणि कुणीतरी आग्रह केला म्हणून उठून एक गाणं म्हणाली. आवाज असा लागला, की वखारीतली करवत थांबली.

हेडबाई त्या दिवशी घरी जाताना सुनेच्या चार पावलं पुढेच चालत राहिल्या. शुक्रवारी संध्याकाळी मात्र चपला घालून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल लवकर. पण पहिलं गाणं माझं."