निरोगी मुलांची रांग

डॉक्टर समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत, नाकाकडे बघून बोलत. आमची पहिली भेट झाली तेव्हा मला वाटलं, नाकाला काहीतरी लागलंय. मी हळूच रुमाल फिरवला. ते म्हणाले, "पुसू नकोस, काही लागलेलं नाही. उजवी बाजू चोंदलीय तुझी. झोपेत तोंडाने श्वास घेतेस ना?" माझ्या घोरण्याची तक्रार नवरा लग्नापासून करत आला होता, पण त्याचं कारण सांगणारा हा पहिलाच माणूस. लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळात सगळे त्यांना 'नाकवाले डॉक्टर' म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलेलं होतं आणि मला वाटतं, आतून ते खूशच होते.

मूळचे मिरजेचे. तरुणपणी इंग्लंडला, इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले आणि लहान मुलांच्या छातीचे डॉक्टर म्हणून इथेच पिकले. पण छातीपेक्षा त्यांचा जीव नाकात. दम्याच्या आणि ॲलर्जीच्या मुलांच्या नाकात कोणते जंतू राहतात आणि धडधाकट मुलांच्या नाकात कोणते, हे शोधायचा त्यांनी ध्यासच घेतला होता. "नाक म्हणजे फुप्फुसाची ओसरी," ते म्हणत. "ओसरीवर कोण बसलंय ते आधी बघा, मग आतल्या भांडणाबद्दल बोला." कुणी बाई किळस येऊन तोंड वाकडं करायला लागली की आणखी खुलत. "अहो, सगळे जंतू चोर नसतात. काही राखणदारही असतात. बिचाऱ्यांना हाकलू नका." मात्र एवढ्या ध्यासातही त्यांनी कधी फुशारकी मारली नाही. त्या जंतूंमुळे दमा होतो, की दमा आहे म्हणून तसे जंतू जमतात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ठाऊक नाही. जो आत्ताच ठाऊक आहे म्हणेल, तो खोटं बोलतोय." खोटं हा शब्द ते फार कडवटपणे उच्चारत.

माझी ईरा तेव्हा पाच वर्षांची. रोज पहाटे खोकायची, पळाली की छातीतून शिट्टी वाजायची. आमच्या नागपूरच्या घरी याला 'सर्दीचा कोठा' म्हणत. सासूबाईंनी फोनवरून बजावलं होतं, मुलीची जात आहे, उगाच भलतं नाव चिकटवून घेऊ नका. मीही तेच सगळ्यांना ऐकवायची. मंडळाच्या संक्रांतीला ईराला खोकल्याची उबळ आली, तेव्हा मी हसून म्हटलं, "तिचा कोठाच सर्दीचा आहे हो." डॉक्टर हातातली तिळगुळाची वाटी खाली ठेवून उठले. भरल्या हॉलमध्ये मला म्हणाले, "कोठा म्हणे! दमा आहे पोरीला. दम्याला दमा म्हणायला शिक आधी. तू लाजतेस आणि श्वास तिचा कोंडतोय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माणसाचं तोंड बघायचं नाही असं ठरवूनच घरी आले. दुसऱ्या दिवशी दारात हेच उभे, हातात खेळण्यातलं अस्वल. जमिनीवर मांडी घालून त्यांनी ईराला शिकवलं. अस्वलाला आधी दम्याचा पंप द्यायचा, मग स्वतः घ्यायचा. "आधी हलव. श्वास सगळा सोड. आता हळू ओढ. आणि धरून ठेव, बक्षीस मिळाल्यासारखा धरून ठेव." तपकिरी पंप रोज, बरं वाटत असलं तरी. निळा फक्त गरजेला. "निळा म्हणजे आग विझवणारा," ते मला म्हणाले, "आणि तपकिरी म्हणजे आग लागूच न देणारा. लोक तपकिरी सोडतात, कारण तो घेतल्यावर लगेच काही वाटत नाही. आणि मग मरतात." असं लहान मुलासमोर कुणी बोलतं का! पण त्या उन्हाळ्यात माझी पोर पहिल्यांदा बागेत पळाली, झाडाखाली बसून न राहता. मी जन्मभर त्यांची ऋणी आहे, हे पुढे जे सांगणार आहे त्याच्याआधीच सांगून टाकते.

गणपतीत त्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी टेबल मांडलं. आईवडिलांच्या सह्या घेतल्या आणि मुलांच्या दोन रांगा केल्या. एक दम्याच्या-ॲलर्जीच्या मुलांची, दुसरी निरोगी मुलांची. कापसाचा बोळा लावलेली काडी नाकात फिरवायची आणि नळीत बंद करायची. पोरं शिंकत होती, खिदळत होती, आरतीला उशीर होत होता. निरोगी रांगेतला एक मुलगा मे महिन्यात परागकणांमुळे डोळे चोळतो असं त्याच्या आईच्या तोंडून निघालं मात्र, डॉक्टरांनी त्याला उचलून दुसरीकडे उभं केलं. "या रांगेत एक जरी खोटा उभा राहिला, तरी माझी सगळी मेहनत पाण्यात." ईरा दम्याच्या रांगेत पहिली होती, आणि तिला त्याचा कोण अभिमान!

निरोगी रांगेच्या शेवटी त्यांची स्वतःची मुग्धा उभी होती. सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली, उंच, हसरी. वडिलांनी काडी पुढे केली तेव्हा तिने माझ्याकडे बघून डोळा मारला. मला वाटलं, बापाची थट्टा करतेय.

पुढे येणं-जाणं वाढलं. एकदा त्यांच्याकडे चहा करताना फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्यामागे मला तपकिरी पंप दिसला. तसलाच आमच्याकडे रोज वापरात होता, ओळखायला वेळ लागला नाही. मालतीकाकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, तो पटकन पदराआड घेतला. "मुग्धाचा आहे. तिला जरा सायनसचा त्रास आहे," त्या म्हणाल्या. मी चहा गाळायला घेतला. पण मुग्धानेच मला गाडीपर्यंत सोडायला येताना सगळं सांगितलं. "मावशी, आय हॅव अ‍ॅस्थमा. तीन वर्षांची होते तेव्हापासून. बाबांनी पहिला स्वॅब माझाच घेतला होता, त्यावरूनच त्यांना हे सगळं सुचलं. पण घराबाहेर बोलायचं नाही. आईला वाटतं, माझं लग्न नाही होणार." मी विचारलं, मग त्या रांगेत कशी उभी राहिलीस? ती हसली. "आईने सांगितलं उभी राहा. बाबा काहीच बोलले नाहीत."

एका मुलाला उचलून बाजूला करणारा हा माणूस स्वतःच्या पोरीसमोर मुका झाला. मला त्या दिवशी त्यांचा राग आला नाही, वाईट वाटलं. राग पुढे आला.

मुग्धा शिकून फार्मसिस्ट झाली आणि लंडनच्या वेम्बलीतल्या एका पुणेकर कुटुंबात तिचं लग्न ठरलं. माणसं चांगली होती, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. दिवाळीला मुग्धा माहेरी आली तेव्हा जिना चढून आल्यावर बोलायच्या आधी थांबली. ते थांबणं मी ईराच्या लहानपणी रोज बघितलेलं होतं.

"तपकिरी घेतेस ना?" मी विचारलं.

"तो इथेच आहे, फ्रिजवर. तिकडे कुठे ठेवू, रोज कुठे लपून घेऊ, मावशी? एकच बाथरूम, सगळ्यांची. आणि सासूबाई इतक्या प्रेमाने माझं कपाट लावून देतात. निळावाला पर्समध्ये असतो. आय मॅनेज."

"अगं, तू फार्मसिस्ट आहेस!"

"म्हणूनच म्हणते ना, आय मॅनेज."

मी तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते खिडकीशी बसले होते. म्हटलं, "डॉक्टर, ती नुसत्या निळ्यावर आहे. तुम्हीच मला सांगितलं होतंत त्याचं काय होतं ते. आजच्या आज वेम्बलीला फोन करा."

त्यांनी माझ्या नाकाकडेही बघितलं नाही, कुठेच बघितलं नाही. "लग्नाला सहा महिने नाही झाले, शुभदा. जरा बस्तान बसू दे. आत्ता सांगितलं तर म्हणतील, डॉक्टर असून फसवलंत."

"मग फसवलंतच ना?"

"तुझ्या ईराचं लग्न ठरवायची वेळ आली की आपण बोलू," ते म्हणाले. इतक्या थंडपणे की मी तिथून निघालेच. मी मुग्धाला बाहेर गाठून तपकिरी पंप तिच्या पर्समध्ये घातला, शपथ घातली. तिने मला मिठी मारली. जाताना तो पुन्हा फ्रिजवर ठेवून गेली, हे काकूंनी मला नंतर सांगितलं, जेव्हा सांगून काही उपयोग नव्हता.

त्याच हिवाळ्यात तिला साधी सर्दी झाली. सासरच्यांना साधीच वाटली. ती दोन दिवस निळ्या पंपावर काढत राहिली असणार, दार लावून, एकटी. अँब्युलन्स आली तेव्हा उशीर झाला होता.

क्रिमेटोरियमच्या हॉलमध्ये फुलं फार होती आणि कुणीतरी उदबत्त्या लावल्या होत्या. ईराला खोकला सुरू झाला. आता बारा वर्षांची होती ती. तिने सगळ्यांसमोर निळा पंप काढला आणि घाईघाईत तसाच तोंडाला लावला. डॉक्टर पुढच्या रांगेतून उठून आले. तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि पंप तिच्या हातातून घेतला.

"आधी हलवायचा. विसरलीस? श्वास सगळा सोड. हां. आता ओढ. धर." ईराची छाती शांत होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. त्यांचा आवाज तोच होता, अस्वलाच्या वेळचा. मला रडू आवरेना. त्या क्षणी मी त्यांना सगळं माफ करायला तयार होते.

मुग्धाच्या सासूबाई मागेच उभ्या होत्या. रडून रडून त्यांचा चेहरा सुजला होता. त्या वाकून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हॉस्पिटलवाले दमा म्हणतात. आम्हाला काही कळत नाही हो. असा एकदम होतो का दमा? तिला आधी कधी होता का? आमचं काही चुकलं का?"

मी श्वास धरला. या बाईला आता रात्ररात्र झोप लागणार नव्हती आणि तिला सोडवणारा एकच माणूस तिथे होता. एका शब्दाचं काम होतं. तोच शब्द, जो त्यांनी मला भरल्या हॉलमध्ये शिकवला होता.

डॉक्टर उठले नाहीत. गुडघ्यावरच, खाली मान घालून म्हणाले, "नाही. कधीच नव्हता. अगदी निरोगी होती ती."

ईराने हात पुढे केला होता. तिचा पंप अजून त्यांच्याच मुठीत होता.