पहिली भेंडी देवळात

बी पेरायच्या आधी अंकल डोक्यावरची टोपी काढून कुंपणाच्या काठीला अडकवायचे. मग अंगठ्याने मातीवर छोटासा क्रूस काढायचे आणि त्याच्या मधोमध बी खुपसायचे. हात झटकून वर बघत म्हणायचे, "माझी शिफ्ट संपली. आता तुझी."

आयुष्यभर कांदिवलीच्या एका कारखान्यात पाळ्या केलेला माणूस. देवाशीसुद्धा तो पाळी बदलल्यासारखाच बोलायचा.

आमची बिल्डिंग बोरीवलीत, जुन्या गावठाणाला चिकटून. भिंतीपलीकडे अंकलचं बैठं कौलारू घर, दारात पांढरा क्रूस आणि मागे भाजीचा तुकडा. आम्ही राहायला आलो ते ऐंशी-एक्याऐंशीचं साल असेल. आमच्या बिल्डिंगच्या जागी पूर्वी भातशेती होती आणि त्यातला एक वाटा अंकलच्या वडिलांचा होता, हे मला फार उशिरा कळलं. तेही दुसऱ्याकडून. अंकल कधी बोलले नाहीत.

बाग खरी त्यांच्या बायकोची. ती गेल्यावर अंकलनी ती हातात घेतली, आणि सुरुवातीला अगदी वाट लावली. पहिल्या वर्षी टोमॅटोला इतकं पाणी घातलं की रोपं कुजली. पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला दगड बांधतात ना, तर यांनी एवढा मोठा दगड बांधला की वेलच खाली आला. भिंतीवरून मी बघत होते. मला हसू आवरेना. तेही हसले. "ती वरून बघत असेल तर डोक्याला हात लावला असेल तिने," म्हणाले.

पण चिवट माणूस. दोन पावसाळ्यांत हात बसला. मग आमची पंचाईत सुरू झाली. सकाळी डबे भरायच्या गडबडीत भिंतीवर टकटक व्हायची. "वहिनी, जरा या. दुधीला फूल आलंय." फूल, अहो, फळ नाही. हातातली पोळी तव्यावर टाकून मी जायची. बघण्यासारखं काही नसायचं. एक पांढरं फूल आणि त्याच्याकडे नातवासारखं बघणारा म्हातारा. पण खरं सांगते, तिथून परत आल्यावर ऑफिसचा रस्ता थोडा सोपा वाटायचा.

गोगलगायी मात्र ते मारत नसत. वेचून, डब्यात भरून भिंतीपलीकडे सोडत. म्हणजे आमच्याकडे. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा तावातावाने भांडायला गेले. अंकलनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मारू कशा? रविवारी फादरला काय सांगू? तुमच्याकडे तर गवतच आहे, त्या बिचाऱ्या तिथे जगतील ना." सेक्रेटरी भांडायला गेले ते हातात चार वांगी घेऊन परत आले.

त्यांचा एक नियम होता. कुठल्याही वेलाचं, झाडाचं पहिलं फळ ते स्वतः खात नसत. पहिली भेंडी, पहिलं कारलं, जे काय असेल ते कागदात गुंडाळून देवळात. चर्चला ते देऊळच म्हणत. "पहिलं त्याचं," एवढंच कारण. त्यानंतर उरेल ते बिल्डिंगला, आणि सगळ्यांत शेवटी त्यांना.

त्यांना एकच मुलगी. ती सिस्टर झाली होती, तिकडे रांचीकडे कुठल्याशा मिशनच्या शाळेत शिकवायची. दोन-तीन वर्षांतून एकदा यायची. एरवी नाताळला देवळाच्या ऑफिसात तिचा ट्रंक कॉल. मी एकदा न राहवून विचारलं, "अंकल, जाऊ कसं दिलंत?" ते मिरचीच्या रोपाला माती लावत होते. मान वर न करता म्हणाले, "पहिलं त्याचं, वहिनी." पहिलं त्याचं हे ठीक आहे. पण ज्याचं पहिलंच शेवटचं असतं, त्याने काय करायचं?

आता आमच्याबद्दल सांगते. अंकलची भाजी आख्ख्या बिल्डिंगला चालायची. पडवळ, वाल, अळू, जे देतील ते. पण ती कच्ची. शिजवलेलं चालायचं नाही. नाताळला त्यांनी पाठवलेल्या करंज्या बऱ्याच घरांतून गुपचूप कामवाल्या बाईच्या पिशवीत जायच्या. त्यांच्या घरात बसून कुणी पाणी प्यायलेलं मी पाहिलं नव्हतं. हे कुणी उघड बोलत नसे. सगळे त्यांच्याशी अगदी गोड वागत. अंकलना कळत नसेल? कळत असणारच. एकट्याने जेवणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी आधी कळतात.

त्यांच्या लोकांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या पिकाचा सण. पूर्वी शेतातली भाताची पहिली लोंबी देवळात नेत. शेतं गेली, तसे अंकल टोपलीतून भाजी न्यायला लागले. एका वर्षी ती आशीर्वाद घेऊन आलेली टोपली घेऊनच ते आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार फिरले. "दुपारी जेवायला या. सगळं व्हेज आहे. कांदा-लसूण पण नाही. भांडी नवी आणलीत, झकास." आणि खरंच, नव्या पातेल्यांवरची कागदी लेबलं त्यांनी काढली नव्हती. आम्हाला दिसावीत म्हणून.

सगळा विचार केला होता बिचाऱ्याने. फक्त एक विसरला. नवरात्र चालू होतं. नवरात्र म्हणजे रस्त्यावरचा गरबा, एवढंच त्यांच्या ध्यानात. निम्म्या बिल्डिंगला उपास होते. आणि ज्यांना नव्हते त्यांनाही त्या दिवसापुरते लागले. प्रत्येक दारात तेच उत्तर, तेही हसून. आमच्या दाराशी येईपर्यंत त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला नीट ऐकूसुद्धा येईना.

माझ्या सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या पक्क्या, मालवणकडच्या. त्यांचा तर नऊ दिवसांचा कडक उपास. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून त्यांनी विचारलं, "वाडीत रताळी आसत?"

"आहेत ना, आई," अंकल म्हणाले. वयाने त्यांच्याच बरोबरीचे, पण आई म्हणत.

"मगे तीच दोन उकड त्या नव्या टोपात. ती उपासाक चलतत. मी येतंय."

मी बघतच राहिले. लग्न झाल्यापासून या बाईने माझ्या माहेरचंही पाणी दोनदा विचार करून घेतलं होतं.

आम्ही दोघी गेलो. लांब टेबल, त्यावर पांढरी चादर आणि सगळ्या बिल्डिंगला पुरतील एवढ्या ताटल्या मांडलेल्या. अंकलनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली. सासूबाईंनीही हात जोडले. कुणाला ते त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी रताळं सोलून खाल्लं. अंकल शेजारी बसून नुसते बघत होते. "गोड आहे ना?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. "गोड आसा. तू जेव आता," सासूबाई म्हणाल्या. तेव्हा कुठे ते जेवले. उरलेलं अन्न त्यांनी टाकलं नाही, दोन दिवस एकट्यानेच खाल्लं. मला ते भिंतीवरून दिसत होतं.

पुढच्या वर्षांत आगेऱ्याला आम्ही दोघी जायचो. बाकी कुणी आलं नाही. अंकलनी पुन्हा दारोदार जाऊन विचारलंही नाही. ताटल्या मात्र तेवढ्याच मांडायचे.

एका श्रावणात, दुपारच्या झोपेतच ते गेले. मुलगी गाडीने पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. तिसऱ्या दिवशी बिल्डिंगची मंडळी भेटायला गेली. भाजी सगळ्यांनीच खाल्ली होती, त्यामुळे जाणं भागच होतं. पहिल्यांदाच ते घर माणसांनी भरलं.

सिस्टर सगळ्यांसमोर उभी राहिली. चेहरा थेट बापाचा. म्हणाली, "तुमचे आभार कसे मानू कळत नाही. बाबा दर नाताळला फोनवर सांगायचे, आगेऱ्याला आख्खी बिल्डिंग आपल्याकडे जेवायला असते, ताटल्या पुरत नाहीत. त्यामुळे मी तिकडे निर्धास्त होते. ते एकटे आहेत असं मला कधी वाटलंच नाही."

सेक्रेटरी आपल्या चपलांकडे बघत होते.

सासूबाईंनी पुढे होऊन तिचा हात धरला. "व्हय गो बाय," त्या म्हणाल्या. "सगळीच येय होतो."

मग ती आत जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. आमच्यात दुःखाच्या घरी कुणी काही घेत नाही. हे घर तर त्यातून अंकलचं. ट्रे एकेकापुढे फिरत गेला, आणि त्या दिवशी कुणीही नाही म्हटलं नाही.