बापूंनी गावाला सांगितलेले आल्प्स

हाती आलेली वस्तू बापू आधी अंगठ्याच्या नखानं फोडत. कपाशीचं बोंड असो, बोर असो की पिकलेला पेरू. "आतून पाह्यलं काय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. सोयरीक जुळवताना नवऱ्या मुलाबद्दलही तेच विचारत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना विचारल्याशिवाय गाव पेरत नाही. वरवट बकालच्या पलीकडच्या एका गावात बापू तसे होते. माझं खामगावात बियाण्यांचं दुकान. बापू बीटी कपाशीची जी पिशवी नेत, तीच सारं गाव मागे. म्हणून कंपनीनं दुकानदारांची परदेश सहल काढली आणि एक शेतकरी सोबत न्यायचं ठरलं, तेव्हा मी त्यांचं नाव दिलं. त्यात माझा स्वार्थ होता, आता लपवत नाही.

एप्रिल संपत आला होता. आल्प्समधल्या लहान लहान गावांत आमची बस थांबे. आम्ही दुकानदार बर्फासमोर फोटो काढायचो. बापू धोतरावर कंपनीचं निळं जाकीट चढवून घरांमागच्या वावराकडे चालू लागत.

"हे वावर कोनाचं?" ते गाइडला विचारत.

"मले काय माहीत, बापू?"

"मंग तू दाखवतं तरी काय बे?"

एका गावात एक म्हातारा उतारावरच्या गवतात शेणखत पसरत होता. बापूंनी खत चिमटीत घेऊन नाकाशी नेलं. "शेन तं आपल्यासारखंच हाय." म्हातारा हसला. गाइड नागपूरचा, तिथली भाषा थोडीफार जाणणारा. त्याच्यामार्फत म्हाताऱ्यानं विचारलं, तुमच्याकडे पीक कसं आहे?

बापूंनी हात झटकले. "त्याले सांग, वरून हिरवं हाय. पन शेवटच्या येचनीले बोंडं फोडून पाह्यले, तं आत गुलाबी अळी. हे बीटीचं बियानं आता तिले आवरत नाही. घरी गेलो की लोकाइले सांगनार हाव, लावू नका म्हून."

म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. मी बापूंच्या मागेच होतो.

बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो. "बापू, इथं बोल्ले ते बोल्ले. गावात नका बोलू. माल भरून ठेवला मी. एवढ्या पेरन्या होऊ द्या."

दोन गावं मागे गेली. मग ते म्हणाले, "तुमीच आनलं मले इथं. बरं."

त्यांनी शब्द पाळला. "बापू, यंदा कोनतं बी?" असं कोणी विचारलं की ते आल्प्स सांगू लागत. लाकडी घरं, खिडक्यांतली फुलं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. प्रश्न आला की एक नवं गाव. जूनपर्यंत शेळ्या राखणाऱ्या बायांनाही तो मुलूख पाठ झाला होता. अळीचं कोणालाच कळलं नाही. बापू नाही म्हणत नाहीत, म्हणजे चांगलंच असणार, असं समजून सगळ्यांनी तीच पिशवी नेली. माझ्या दुकानातून.

बापूही आले न्यायला. "तुमी तरी सोयाबीन पेरा," मी हळूच म्हटलं.

"लोकाइले लावू देलं, मंग मी कसा वेगळा राहू?"

दिवाळीनंतर बोंडं उमललीच नाहीत, आतून किडून काळी पडली. गावानं बापूंना शिव्या दिल्या नाहीत. फक्त विचारणं बंद केलं. सोसायटीच्या ओट्यावर ते बसलेले असत, शेजारी पेरणीच्या गोष्टी चालत, आणि एकही मान त्यांच्याकडे वळत नसे. वर्षभरानं ते मुलीकडे देऊळगाव राजाला गेले. तिथंच वारले. मला चार दिवसांनी कळलं.

मी त्यांच्या गावी गेलो. घराला कुलूप होतं. शेजारचा माणूस अंगणात दोर वळत बसला होता.

"भाऊ, एक विचारू? बापू खरंच गेलते काय तिकडं? लोक म्हन्तात, तेबी खोटंच होतं."

"गेलते," मी म्हटलं. आणि मग बसमधलं सगळं सांगितलं, माझे शब्द जसेच्या तसे.

तो आत गेला, पाण्यानं भरलेला गडवा आणून माझ्यासमोर ठेवला. मग बैल सोडले आणि वावराकडे निघून गेला.

मी कितीतरी वेळ त्या गडव्यापुढे बसून होतो. पाणी प्यावं की नाही, ते ठरेना.