मायची कच्ची वही

लातुरात मी अठरा वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. इन्सुलिनचा धडा तर माझा हातखंडा. तीनशे पोरं एका हॉलमध्ये, मागच्या रांगांसाठी टीव्ही टांगलेले, आणि मी फळ्यावर बाण काढत सांगायचो की माणूस उपाशी राहिला की रक्तात साखर कुठून येते, साठा संपला की मेंदूचं काय होतं. हा प्रश्न ज्याचा चुकेल त्याला मी उभं करून बोलायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. ती माझ्यासाठी आहे हे कळायला फार उशीर झाला.

घरात मी आणि माय, दोघंच. वडील आम्ही लहान असतानाच गेले. मायला साखर होती, बीपी होतं, गुडघे धरलेले, तळपायांची आग व्हायची आणि झोप तर कधीचीच उडालेली. लातुरात दवाखान्यांना तोटा नाही. साखरेचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे, आणि प्रत्येकाची एकेक गोळी. कुणाचंच काही चुकत नव्हतं, पण माय वर्षागणिक विझत चालली होती. त्यात मूत्रपिंडाचा रिपोर्टही थोडा बिघडलेला आला.

नांदेडच्या एका बाई डॉक्टरांबद्दल मला एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी सांगितलं. त्या म्हणे आजार सुटा बघत नाहीत. खाणं, झोप, काम, दुःख, सगळं विचारतात आणि मुळाशी जातात. मला ते थोतांड वाटलं होतं. पण बाई रीतसर शिकलेल्या होत्या, चालू गोळ्या एकदम बंद करत नव्हत्या, म्हणून एका रविवारी मायला घेऊन गेलो. विष्णुपुरीच्या रस्त्याला घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता.

मी रिपोर्टांची फाइल पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि मायला विचारलं, "मावशी, तुम्हाला शेवटचं बरं कधी वाटलं होतं?"

उत्तर मी दिलं. दहा वर्षांपूर्वी, साखर निघायच्या आधी. डॉक्टर म्हणाल्या, मी त्यांना विचारलंय. माय माझ्याकडे बघत म्हणाली, तो सांगतोय तेच. मग त्यांनी विचारलं, आयुष्यात काही मोठा धक्का? मी म्हणालो, भूकंपात माझी धाकटी बहीण गेली, पण त्याला आता जमाना झाला. ते वाक्य मी हजेरी घेतल्यासारखं उरकलं आणि पुन्हा फाइल पुढे सरकवली.

डॉक्टरांनी मायला एक कोरी वही दिली. चौदा दिवस तोंडात जे जाईल ते लिहायचं, वेळेसकट. झोप किती, मन कसं, तेही. मघाच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं तर पहिल्या पानावर लिहा म्हणाल्या. "नीटनेटकं नको मावशी. खरं लिहा."

माय चौथी शिकलेली. रोज दुपारी भांडी आवरली की माझा पेन घेऊन भिंतीला टेकून लिहीत बसायची. मला हसू यायचं. मी तिला म्हणायचो, माय, बोर्डात येतीस आता. ती म्हणायची, गप बस, आठवू दे.

नांदेडला जायच्या आदल्या दिवशी मी ती वही तपासायला घेतली. वही दिसली की तपासायची, ही आमच्या धंद्याची खोड. पहिल्या पानावर नावगाव असेल म्हणून ते उलटून पुढे गेलो. काना-मात्रा वाटेल तिथे. दिवसाला सात चहा. पहाटे घाम येऊन चक्कर आली की गुळाचा खडा. आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी एकच ओळ: रात्री न्हाई. चौदा वेळा.

मी चिडलोच. मी क्लासवरून साडेनऊला यायचो, माझं ताट झाकलेलं असायचं आणि माय म्हणायची, झालं माझं. मी विचारलं, मग हे काय आहे?

"रातचं मला जात न्हाई, बाळा. लई वर्सं झाली."

का जात नाही, हे मी विचारलं नाही. मला दुसरीच लाज वाटत होती. डॉक्टर काय म्हणतील? गावभर होर्डिंगवर फोटो असलेल्या सरांची माय रोज उपाशी झोपते? मी तिला म्हणालो, हे असं दाखवता येणार नाही, मी फेअर करून देतो. ती म्हणाली, तुला बरं वाटतंय तसं लिही.

मी फेअर वही केली. पट्टीनं रकाने आखले. चहा दोन वेळा. गूळ गाळला. रात्री सात वाजता एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर वरण. मनाची समजूत घातली की उद्यापासून ती सातला जेवणारच आहे, मी फक्त तारखा अलीकडे आणतोय. पोराचा अभ्यास झाला नसला तरी पेपर भरलेला दिसला पाहिजे, हेच तर मी अठरा वर्षं शिकवत होतो.

डॉक्टरांनी माझी वही बराच वेळ वाचली. इतकं नीट जेवूनही सकाळची साखर चढलेली का, हे त्यांना कळेना. ती पहाटेच्या गुळानं चढत होती, पण गूळ वहीत नव्हता. त्यांनी मायला दोनदा विचारलं, रात्री जेवता ना? माय माझ्याकडे बघून म्हणाली, "हाव." मग डॉक्टरांनी साखरेची संध्याकाळची अर्धी गोळी पूर्ण केली. जेवल्याशिवाय ही घ्यायची नाही, हे बजावून सांगितलं. आम्ही दोघांनी मान हलवली.

परतताना लोह्याला चहाला थांबलो. मायच्या मांडीवर अर्धापुरी केळ्यांचा घड होता, माझ्यासाठी घेतलेला. मी म्हणालो, आजपासून सातला जेवायचं. ती हाव म्हणाली. पण सातला मी घरी कुठे असायचो? परीक्षा जवळ आल्या होत्या, जादा बॅचेस लागल्या होत्या. रात्री मी गोळ्यांची पट्टी मोजायचो. गोळी घेतलेली असायची. भाकरीचं टोपलं मी एकदाही उघडून बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी एका सकाळी माय उठली नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर इतकी खाली गेली होती की यंत्रावर आकडाच येत नव्हता. सलाईन लावता लावता तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, रात्री काय जेवल्या होत्या? भाकरी, मी म्हणालो. त्या वेळीही माझ्या तोंडून फेअर वहीतलंच उत्तर आलं. दोन दिवस तिचं काळीज चालू राहिलं. ती शुद्धीवर आली नाही.

तेराव्यानंतर पिठाचा डबा सरकवताना त्याच्यामागे तिची कच्ची वही सापडली. या वेळी पहिलं पान वाचलं. तिथे नावगाव नव्हतं.

"गनपती बुडवून आलो त्या सांजला बरं वाटलं होतं. लेकीनं अर्धी भाकर आनिक मागितली. मी दमले होते. सकाळी खा म्हनले. ती रुसून आत जाऊन झोपली."

मी तेव्हा अकरा वर्षांचा, ती सात. आमचं गाव औशाच्या पलीकडचं, दगडमातीच्या रुंद भिंतींचं. भूकंपाच्या पहाटे मी आणि माय अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. आमच्याजवळ झोपणारी ती नेमकी त्याच रात्री आत का झोपली, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आपल्या नशिबाचा भाग म्हणून सोडून दिलं होतं. मायनं तेव्हापासून रात्रीची भाकरी तोंडात घातली नव्हती, आणि मी एका छताखाली राहून तिच्या साखरेचं कारण फाइलीत शोधत होतो.

ती वही घेऊन मी नांदेडला गेलो. डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं, मग चौदाही दिवस वाचले. वही परत देताना एवढंच म्हणाल्या, "मी त्यांनाच विचारलं होतं हो."

आता दोन्ही वह्या माझ्या टेबलावर असतात. इन्सुलिनचा धडा मी दुसऱ्या सरांना देऊन टाकला. रात्री घरी आलो की स्वतःच ताट वाढून घेतो. कधी तिची वही उघडतो, कधी माझी. माझ्या वहीतलं अक्षर सुंदर आहे, रकाने सरळ आहेत. त्या वहीत माझी माय चौदा रात्री जेवली आहे.