भोंग्यावरचे प्रायोजक

बीडला जायची मिनीबस पहाटे निघणार होती. ती निघाली चांगली उन्हं अंगावर आल्यावर, आणि उशिराचं कारण काय, तर कापडी फलक. पाणी शुद्ध करण्याची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचे फलक बसच्या दोन्ही अंगांना बांधायचे होते, आणि त्यातला एक उलटा बांधला गेला होता. तो सोडून पुन्हा बांधेपर्यंत सात परदेशी पत्रकार पुण्याच्या फुटपाथवर चहा पीत उभे होते, आणि मी मनातल्या मनात येतील तेवढ्या शिव्या आठवून पाहत होते.

प्रकरण असं होतं. विज्ञान पत्रकारांची एक आंतरराष्ट्रीय परिषद त्या वर्षी पुण्यात भरली होती. मी एका दैनिकाचं विज्ञानाचं पान बघायची, म्हणून संयोजन समितीत होते, आणि समितीत सगळ्यांत लहान म्हणून प्रायोजकांची उठबस माझ्या गळ्यात पडली होती. बाजार नुकताच खुला झालेला. जो तो कशाचा तरी प्रायोजक व्हायला निघाला होता. बँकेला आपलं नाव व्यासपीठाच्या उजव्या हाताला हवं होतं. एका परदेशी प्रतिष्ठानाला नाव लहान चालणार होतं, पण ते सगळ्यांच्या वर हवं होतं. लोणच्याच्या कारखान्याला जेवणाच्या प्रत्येक टेबलावर आपली बरणी ठेवायची होती. विज्ञानाशी तिचा काय संबंध, असं विचारल्यावर मालक म्हणाले, "लोणचं मुरतं ते काय मंत्राने मुरतं का मॅडम?" या सगळ्यांच्या मानाने परिषदेत विज्ञानावर कोण बोलणार, हा प्रश्न फारच चटकन सुटला.

सगळ्यांत मोठा भार पाण्याच्या कंपनीने उचलला होता. बदल्यात त्यांचं म्हणणं एवढंच, की परिषदेच्या मधल्या दोन दिवसांत काही पाहुण्यांनी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर यावं आणि कंपनीने तिथे बसवलेलं यंत्र पाहावं. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की लहान मुलांचे पक्के दात पिवळे-तपकिरी येतात आणि मोठ्यांचे सांधे आखडतात. हे यंत्र ते फ्लोराइड काढून टाकतं. विषय चांगला होता, म्हणून मी आनंदाने होकार दिला. सोबत कंपनीचे प्रसिद्धी अधिकारी सबनीस असतील, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

सबनीस वाईट माणूस नव्हते, पण गळ्यात टाय आणि हातात टोप्यांची पिशवी घेऊन ते बसमध्ये चढले तेव्हाच माझं डोकं दुखायला लागलं. कंपनीचं नाव छापलेल्या पांढऱ्या टोप्या त्यांनी सगळ्यांना घालायला लावल्या. नगर सोडलं तसा वाऱ्याने फलक सुटला आणि आरशावर फडफडू लागला. आमचे ड्रायव्हर सलीमभाई मूळचे बीडचेच.

"मॅडम, साहेबाचं कापड आरशावर येतंय. मला मागचं कायबी दिसंना," ते म्हणाले.

"काढता येणार नाही. करारात आहे," सबनीस म्हणाले.

"मागून येणारा ट्रक बी करारात हाय का, साहेब?"

शेवटी मीच खाली उतरले आणि फलक आवळून बांधला. हात काळे झाले ते वेगळंच.

बालाघाटच्या डोंगररांगा दिसायला लागल्या तेव्हा उन्हं कलली होती. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. सलीमभाईंनी गाडी थांबवली आणि घासाघीस करून एक पाटी उचलली. पाहुण्यांमध्ये ग्रेस नावाची केनियाची पत्रकार होती, धिप्पाड, कमी बोलणारी. सीताफळ तिला इतकं आवडलं की एकामागून एक ती फोडत सुटली, आणि बिया टाकायला काही मिळेना म्हणून तिने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर उलटी ठेवली. सबनीस ते बघत राहिले. दिवसभरात मला आलेलं पहिलं हसू ते.

रात्री बीडच्या विश्रामगृहात वीज नव्हती, डास मात्र भरपूर होते. सकाळी सरळ वस्तीवर जायचं, तर सबनीसांना आधी कपिलधारला जायचं होतं, आणि ते पडतं अगदी उलट्या दिशेला. कशाला, तर धबधब्यापुढे फलक धरून फोटो काढायला. गेलो. पाऊसकाळ संपून महिना उलटला होता, तरी कड्यावरून पाण्याची धार पडत होती आणि खालचं कुंड हिरवंगार होतं. देवदर्शनाला आलेली माणसं ओल्या अंगाने पायऱ्या चढत होती. सबनीसांनी फलक उलगडायला सुरुवात केली, तसे कपाळाला भस्माचे पट्टे लावलेले एक नारळवाले दुकानातून उठून आले.

"साहेब, हे पाणी बी तुमच्याच कंपनीचं हाय का?"

"नाही हो. फक्त फोटोपुरतं."

"मंग गुंडाळा ते. लोकं दर्शनाला येत्यात इथं."

फलक गुंडाळला गेला, पण अर्धी सकाळ गेली ती गेलीच. सबनीस मला म्हणाले, "इकडच्या लोकांना प्रसिद्धीचं महत्त्व कळत नाही."

गेवराईच्या बाजूला वळलो तशी जमीन सपाट आणि काळी होत गेली. कापसाची बोंडं फुटली होती, वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून ओळीने पुढे सरकत होत्या. चकलांबा मागे टाकून आम्ही एका वस्तीवर पोचलो. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या सरपंच गयाबाईंनी मला तशी ताकीदच दिली. "गावाचं नाव छापू नका ताई. आमच्या पोरी उजवायच्या हायत. पाण्याचं नाव निघालं की पाव्हणे दारातूनच माघारी जात्यात."

त्याचा अर्थ लगेच कळला. आम्हाला बघून बायका हसत होत्या आणि हसताना झाडून सगळ्या तोंडावर पदर घेत होत्या. ग्रेसने मला विचारलं, ही इथली रीत आहे का? मी म्हटलं, रीत नाही, दात.

गयाबाई चांगल्या साठीच्या, उंच, गुडघ्यावर हात टेकून चालणाऱ्या. कडेवर दीड-दोन वर्षांची नात. त्यांचे यजमान हार घेऊन पुढे आले, तर त्यांच्याकडे नात सोपवून हार बाईंनी स्वतःच्या हातात घेतला. "सरपंच मी हाय," एवढंच म्हणाल्या.

यंत्र शाळेच्या ओसरीसमोर उभं होतं. चकचकीत पोलादी टाकी, खाली नळ आणि त्याच्याही खाली रबरी चाकं. सबनीसांनी पाहुण्यांना इंग्रजीत सगळं समजावलं, नळ सोडला, फोटो झाले. पाहुणे पेले भरून पाणी प्यायले. सबनीसांनी मात्र फोटोपुरता पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. ग्रेस यंत्राभोवती एक फेरी मारून माझ्याजवळ आली. "आमच्याकडे एका गावात असाच पंप आला होता," ती हळूच म्हणाली. "फोटो झाले आणि पंप गेला. तुमच्या माणसाला विचार."

मी सबनीसांना बाजूला घेतलं. "हे इथंच राहणार आहे ना?"

"म्हणजे कसंय मॅडम, हे प्रात्यक्षिक आहे. उद्या टेम्पो येईल. हेच यंत्र पुढे एका प्रदर्शनात जायचंय."

"तुमच्या पत्रकात 'बसवलेलं' असं लिहिलंय!"

"आत्ता बसवलेलंच आहे की."

"आणि या लोकांना हे सांगितलंय?"

"तलाठ्यांना कल्पना दिली असेल बहुतेक कुणीतरी."

मला भयंकर संताप आला. त्या फलकाच्या गाठी मी स्वतःच्या हातांनी मारल्या होत्या. मी तडक गयाबाईंकडे गेले आणि होतं ते सगळं सांगून टाकलं. त्यांनी यंत्राच्या चाकांकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "चाकं बघूनच मला शंका आलती. दिल्याल्या वस्तूला चाकं कावून लागतील?" नातीच्या तोंडावरून त्यांनी हात फिरवला. "माझ्या दोन्ही पोरींचे दात गेले. हिचे तरी पांढरे यावेत, एवढीच आशा हाय बगा."

मग त्यांनी मला एक गोष्ट समजावून सांगितली. वस्तीवर दरवर्षी सप्ता (सात दिवसांचं भजन-कीर्तन) बसतो. रोजच्या पंगतीचा भार एकेक घर उचलतं, आणि त्या घराचं नाव भोंग्यावर (लाउडस्पीकरवर) पुकारतात. पुकारण्याआधी कुणी नाही म्हटलं तर चालतं. पण एकदा नाव पुकारून नारळ फुटला की माघार नाही. आजवर कुणी घेतलेली नाही.

गयाबाई सबनीसांकडे गेल्या आणि अगदी अदबीने म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कंपनीचं नाव भोंग्यावर पुकारलं तर चालंल का?"

सबनीसांचा चेहरा उजळला. दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी हे आपण होऊन विचारत होतं. त्यांनी कंपनीचं पूर्ण नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. देवळावरचा भोंगा खरखरला आणि गयाबाईंचा आवाज घुमला, "ऐका हो! ह्या कंपनीनं आपल्या वस्तीला पाण्याचं यंत्र कायमचं दिल्यालं हाय!" तोवर एका बाईने टाकीला हळदकुंकू लावलं होतं, दुसरीने नारळ फोडला. पाहुण्यांचे कॅमेरे वाजायला लागले.

"अहो, दिलं नाही, दाखवलं!" सबनीस माझ्याकडे वळून कळवळले. "हे तुम्ही त्यांना सांगा!"

"तुम्हीच सांगा ना," मी म्हटलं. पण गर्दीपुढे त्यांना ते जमेना. "वरिष्ठांना विचारावं लागेल," असं काहीतरी ते पुटपुटले.

मग पंगत बसली. ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची झणझणीत आमटी). सबनीस पाहुण्यांच्या ओळीत बसायला गेले, तर गयाबाईंच्या यजमानांनी येसरची बादली त्यांच्या हातात दिली. "दाता आदी वाढतो, मंग जेवतो. आमच्यात तसंच हाय." टायचं टोक खिशात खोचून सबनीस वाढू लागले. त्यांना सगळ्यात शेवटी जेवायला मिळालं, आणि तोवर आमटी निवली होती.

निघताना गयाबाई बसच्या खिडकीशी आल्या. "ताई, उद्या टेम्पो येणार. आमी आडवं होऊ, पर वस्तू त्यांची, कागद त्यांचे. पोलीस आणले तर काय करावं? आमचा भोंगा शिवंच्या पल्याड ऐकू येत न्हाई. तिकडं तुमी पुकारा."

बस सुटली.

परतीच्या वाटेवर सबनीस माझ्या शेजारी येऊन बसले. "मॅडम, हे कुठे छापू नका. माझी नोकरी जाईल. मला वरून सांगतात तेवढं मी करतो." त्यांची मला कीव आली, आणि त्या कीवेचाही राग आला. टेम्पो उद्या थांबवा, एवढं मी मागितलं. "एक दिवस. जास्त माझ्या हातात नाही," ते म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी पाळला.

दुसऱ्या दिवशी परिषदेचा समारोप. प्रायोजकांचे आभार मीच मानायचे होते. समितीच्या अध्यक्षांनी बजावलं, नावं क्रमाने वाचायची, पदरचं काही घालायचं नाही. पहिल्या रांगेत कंपनीचे संचालक पाय पसरून बसले होते. मी प्रतिष्ठानाचं नाव घेतलं, बँकेचं घेतलं, लोणच्याचंही घेतलं. पाण्याच्या कंपनीपाशी आले आणि हातातला कागद खाली ठेवला. मग म्हटलं, "या कंपनीने बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीला फ्लोराइड काढणारं यंत्र कायमचं दिलं आहे. इथे बसलेले सात पाहुणे त्या समारंभाला हजर होते. संचालकांनी कृपया उभं राहून आमचे आभार स्वीकारावेत."

सगळ्यांत आधी ग्रेस उठली आणि टाळ्या वाजवायला लागली. मग बाकीचे सहा, मग सगळं सभागृह. संचालकांनी मान वळवून सबनीसांकडे पाहिलं. सबनीस जमिनीकडे पाहत होते. टाळ्या काही थांबेनात. शेवटी संचालक उठले, सभागृहाकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

नंतर ते मला व्हरांड्यात भेटले. "पुढच्या वेळी आमच्याकडून काही मिळणार नाही," एवढंच बोलून ते गाडीत बसले. अध्यक्षांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्याचं मला काही वाटलं नाही. चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. दीड वर्षाच्या पोरीचे दात पांढरे यावेत म्हणून आभाराच्या भाषणात लबाडी करावी लागते, आणि ती जमली म्हणून आपण खूश व्हायचं. अजूनही ते आठवलं की माझं डोकं तापतं.

ईदला सलीमभाई गावी गेले तेव्हा वाट वाकडी करून त्या वस्तीवर जाऊन आले. यंत्र तिथेच आहे, रोज सकाळी घागरींची रांग लागते, असं त्यांनी सांगितलं.

"आणि सरपंचबाईंचा निरोप हाय, मॅडम."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ताईला सांगा, आता आमाला एक डॉक्टर पायजे. कुणाचं नाव पुकारायचं ते ठरवून ठेवा."