मेहरूणची बोरं विकणारी बाई

मी आठ वर्षांची असताना पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत रोज दुपारी एक म्हातारी मेहरूणची बोरं घेऊन यायची. पांढरे मोकळे केस, एक डोळा दुधासारखा. आम्ही मुली तिला डाकीण समजून घरात पळायचो. तिचं नाव कुणी कधी विचारलंच नाही.

एकदा शेजारच्या काकूंनी भाड्यानं व्हिडिओ आणला. भुतांचे मुखवटे घालून हिंडणाऱ्या पोरांचा इंग्रजी सिनेमा होता. टोकदार टोपीतली चेटकीण झाडूवर बसून आली, तशी मी डोळे मिटले.

"भेवू नको माय," दारातून आवाज आला. टोपली उतरवून तीच म्हातारी बघत उभी होती. "डाकीन नही शे ती. एकली शे."

सिनेमातल्या मुलीनं चेटकिणीचा हात धरला. मी सरकून चटईवर जागा केली. म्हातारी बसली, आणि झाडू ढगांतून उडाला की पदरात तोंड लपवून हसू लागली.

शेवटी मुलगी घरी गेली, चेटकीण एकटीच चंद्राकडे उडाली. म्हातारीला ते नीट दिसलं नसावं. तिनं मला विचारलं, "आते ती कोठे ऱ्हाई?"

"त्या मुलीच्या घरी," मी म्हणाले.

"बरं व्हयनं," म्हणत तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.