तो पाऊस आमचा आहे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. गेल्या जुलैत मी आयर्लंडमधल्या ॲथलोनमध्ये खुर्चीवर बसून वाळवंटातली एक बाग बुडवली.

आमची कंपनी बागांना आपोआप पाणी घालणारं सॉफ्टवेअर करते. पावसाचा सेन्सर भिजला की पाणी बंद, एवढं सोपं. आखातातल्या एका शहरातलं मोठं हॉटेल आमचं गिऱ्हाईक. आणि तसलाच एक सेन्सर चाचणीसाठी आमच्या ऑफिसच्या गच्चीवर लावलाय. तो बिचारा बारा महिने ओलाच असतो.

माझं प्रोबेशन संपायला चार दिवस होते. मॅनेजर डेक्लन सुट्टीवर जाताना म्हणाला, "तू आहेस ना, मग ग्रँड." इथे 'ग्रँड' म्हणजे 'काळजी नाही'. थोडक्यात, आता परीक्षा माझी.

दुपारी सावंतसाहेबांचा फोन. हे हॉटेलच्या बागेचे प्रमुख, मूळचे कुडाळचे. यांचं ऑफिस तळघरात, खिडकी नावाला नाही.

"अहो देशपांडे, आत्ताचं पाणी सुटलंच नाही. स्क्रीनवर पाऊस दाखवतोय."

"जुलैत? तुमच्याकडे?"

"तेच म्हणतो मी. बारा वर्षं काढली इथे, जुलैत थेंब पाहिला नाही. उद्या मालक बाग बघायला येणार. गवत करपलं तर माझी धडगत नाही."

आता तुम्हीच सांगा, हुशार माणसाने काय समजावं? मी अर्ध्या मिनिटात ओळखलं. आमच्या गच्चीवरच्या सेन्सरचा डेटा घुसलाय यांच्या खात्यात. पुण्यात इंजिनिअरिंग काय उगाच केलं?

"साहेब, घाबरू नका. तो पाऊस आमचा आहे."

"तुमचा?"

"ॲथलोनचा. चुकून तुमच्या स्क्रीनवर आलाय."

"अस्सं. मग घ्या बघू परत."

"घेतला समजा."

हॉटेलच्या खात्यातला सेन्सर बंद केला आणि सगळे स्प्रिंकलर फुल सोडले, दोन तास. राहिलेलं पाणीही भरून काढू म्हटलं, कंजूषपणा कशाला. मग बायकोला फोन करून सांगितलं, पर्मनंट झाल्यातच जमा. मुग्धा म्हणाली, "वा. ऐक ना, मी सगळ्या चादरी बाहेर वाळत घातल्यात..." पुढचं मी ऐकलं नाही. मी फार खुशीत होतो.

पाऊण तासाने सावंतांचा व्हिडिओ आला. विजा कडाडतायत, धो धो पाऊस कोसळतोय, लॉनचं तळं झालंय. आणि त्या तळ्यात आमचे स्प्रिंकलर इमानेइतबारे गोल गोल फिरून पाणी घालतायत. शेजारी एक माळी डोक्यावर जेवणाचा ट्रे धरून उभा. त्या हॉटेलात छत्री कोणाकडे असणार?

झटकन स्क्रीनवरून पाणी बंद केलं, पण व्हायचं ते झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मालक आले आणि तळ्याच्या काठावर उभे राहिले. पावसात पाणी कोणी सोडलं, असं त्यांनी विचारलं. सावंतांनी सरळ माझं नाव सांगितलं. खरं सांगतो, मीही तेच केलं असतं.

सोमवारी डेक्लन परतला. नाक उन्हाने लालभडक, सालं निघालेली. आठवडाभर इथेच तळ्यावर बोटीत होता म्हणे.

"तिकडे जुलैत वादळ येईल असं कोणालाच वाटलं नसतं," तो शांतपणे म्हणाला. "पण तो पाऊस आपला, हे तू कशावरून ठरवलंस?"

"इथे रोजच असतो ना."

"त्या दिवशी खिडकीबाहेर बघितलंस?"

बघितलं नव्हतं. कसं बघणार? स्क्रीनवर ऊन येतंय म्हणून सकाळीच पडदा ओढून घेतला होता. मीच, स्वतःच्या हाताने.

प्रोबेशन तीन महिने वाढलं. माझं टेबल खिडकीला लावलं आणि पडदा काढून टाकला. बाग परत हिरवी झाली, सावंतांची नोकरी टिकली, पण दर सोमवारी त्यांचा फोन येतोच. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट विचारतात,

"काय देशपांडे, आजचा पाऊस कोणाचा?"